सांख्यिकी शिकवताना सूत्र फळ्यावर कधी लिहावं?

तुम्ही ऐरोलीत अकरावीला शिकवता. मुलं प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरलेत ते मोजण्याची, गणितं बरोबर सोडवतात, पण 'हे काढून कळलं काय?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवते. माझं सांगणं एवढंच, की सूत्र तिसऱ्या तासाला लिहा. त्याआधी मुलांना त्यांनीच आणलेल्या आकड्यांशी झगडू द्या.

कॉलेजला येताना नाक्यावर शेअर रिक्षासाठी किती मिनिटं थांबलात ते रोज लिहा, असं मी आठवडाभर आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षी दोघींच्या नोंदी फळ्यावर घेतल्या. एकीच्या ९, १०, १०, ११, १०. दुसरीच्या २, १८, ४, २५, १. मध्य, म्हणजे सरासरी, दोघींचा १०. 'म्हणजे दोघींची सकाळ सारखीच?' असं मी विचारल्यावर दुसरी ताडकन उठली. "मॅडम, दहा मिनिटं तर मी एकाही दिवशी थांबले नाही!"

हे वाक्य वर्गातून यायला हवं, आपण म्हणून उपयोग नाही. ते आलं की विचारायचं, ही तफावत एका आकड्यात कशी सांगाल? प्रत्येक दिवस मध्यापासून किती लांब ते काढून बेरीज करू, असं कुणीतरी म्हणतंच. करू द्या. उणे ८, ८, उणे ६, १५, उणे ९. बेरीज शून्य! पुन्हा तपासतात, चूक सापडत नाही. पहिलीचीही शून्यच येते. इथे अजिबात घाई करू नका. मध्य म्हणजे काय, हे मुलांना खरं तर या शून्यापाशी कळतं.

मग कुणी सुचवतं, उणे चिन्हं सोडून देऊ. सरासरी ९.२ येते. हे चुकीचं म्हणून पुसू नका, सरासरी विचलन हेही वापरातलं माप आहे. या फरकांचे वर्ग करायची वाट त्यानंतर दाखवा. वर्गांची बेरीज ४७०, भागिले ५ म्हणजे ९४, वर्गमूळ सुमारे ९.७, हेच प्रमाण विचलन. पहिलीचं जेमतेम ०.६. आणि त्या ४७० मधले २२५ एकट्या २५ मिनिटांच्या दिवसाचे, हे मुलांना बोट ठेवून दाखवा. वर्ग केल्यावर लांबचा दिवस किती भारी पडतो ते लगेच दिसतं. आता सूत्र लिहा, पाठ करा म्हणावं लागत नाही.

पोर्शन मागे पडेल ही भीती मलाही होती. पण हे दोन तास पुढे उजळणीत भरून निघतात.

नमुना निवडीसाठी, म्हणजे थोडं तपासून सगळ्याचा अंदाज बांधण्यासाठी, तर आपल्याकडे म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. फक्त एक विचारा, शीत कुठलं घ्यायचं? वरचं घेतलं आणि खाली भात लागला असेल तर? इथून मी पीक कापणी प्रयोगांवर येते, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून त्यावरून उत्पादनाचा अंदाज काढणं. गावाकडे शेती असलेल्या मुलांच्या कानावर हा शब्द असतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याच पद्धतीवर मोलाचं काम केलं. शेतातला फार छोटा तुकडा कापला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कारण काठावरची रोपं आत धरली जातात, आणि तुकडा जितका छोटा तितका क्षेत्रफळाच्या मानाने काठ मोठा. महालनोबीस यांच्यासारख्या दिग्गज संख्याशास्त्रज्ञाशी त्यांचा या तुकड्याच्या आकारावरून मतभेद होता, हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

आलेख कागदावर भरपूर ठिपके काढून त्याला शेत म्हणा. पुठ्ठ्याच्या दोन चौकटी कापा, एक लहान, एक मोठी. गटागटाने ठिपके मोजून दर चौरस सेंटिमीटरला किती येतात ते काढायला सांगा. रेषेवरचा ठिपका धरायचा की सोडायचा यावरून भांडण होईल. ते मिटवायला जाऊ नका. प्रत्येक गटाने काय ठरवलं ते फळ्यावर लिहा आणि उत्तरं शेजारी मांडा.