चर्चमध्ये सगळे पाळक जमून ‘देशासाठी प्रार्थना’ करतात, म्हणजे आत नेमकं काय चालतं?

तुम्ही लिहिलंय की घराजवळच्या चर्चबाहेर दर महिन्याला ‘मंडळी (म्हणजे चर्चचे लोक) व देशासाठी उपवास-प्रार्थना’ असा फलक लागतो, वेगवेगळ्या चर्चचे वीस-पंचवीस ‘फादर’ सकाळी आत जातात ते दुपारीच बाहेर पडतात, आणि हा धर्मांतराचा काही प्रकार आहे का अशी शंका येते.

मी नगर जिल्ह्यातल्या एका पाळकाची मुलगी. उपवास सुटला की चहा नेऊन द्यायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे होतं, त्यामुळे दाराशी उभी राहून बरंच ऐकलंय. (फादर कॅथलिकांचे. आमच्याकडे, प्रोटेस्टंटांकडे, पाळक. तेही बायकामुलांसकट, म्हणून तर चहा माझ्या वाट्याला आला.)

देशासाठीची प्रार्थना तुम्हाला वाटते तेवढी लांब नसते. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, त्याप्रमाणे पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर यांची नावं घेतात. सरकार बदललं की नावं बदलतात, प्रार्थना तीच. मग पाऊस, शेतकरी, दवाखान्यात असलेली माणसं. लोकांना ख्रिस्त कळावा म्हणूनही प्रार्थना होते, ते कशाला लपवू? पण हे सगळं अर्ध्या तासात आटोपतं.

बाकीचा वेळ जातो स्वतःच्या झाडाझडतीत. बायबलमधल्याच ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देश बरा करण्याचं वचन आहे, पण अट देवाने स्वतःच्याच लोकांना घातलीय: आधी तुम्ही नम्र व्हा, तुमचे वाईट मार्ग सोडा. त्यामुळे जागृती, म्हणजे लोकांचा विश्वास नव्याने पेटणं, मागायची तर सुरुवात पाळकापासून, असा हिशेब असतो.

आमच्या गावात एका नव्या मंडळीचे पाळक आमची कुटुंबं नेतात, ‘मेंढरं पळवतात’, असा पप्पांचा राग होता. दोघं एकाच प्रार्थनेला यायचे आणि दोन टोकांच्या बाकांवर बसायचे. दीडेक वर्ष असंच चाललं. एका सकाळी पप्पा मोठ्याने प्रार्थना करता करता मध्येच थांबले आणि म्हणाले, “प्रभू, ती घरं गेली कारण मी त्यांच्याकडे वर्षभर फिरकलो नाही.” एवढंच. समोरचे उठून आले नाहीत, गळाभेट वगैरे काही झाली नाही. पुढच्या महिन्यात मात्र ते पप्पांच्या मागच्याच बाकावर येऊन बसले, आणि उपवास सुटल्यावर माझ्या हातातला ट्रे घेऊन पप्पांना पहिला कप त्यांनी दिला.

या प्रथेला बराच इतिहास आहे. 1784 साली इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायर भागातल्या बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या पाळकांनी ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तासभर जागृतीसाठी प्रार्थना करायची. छोट्या गावांतल्या साध्या मंडळ्या होत्या त्या. त्याच गोतावळ्यात पुढे विल्यम केरी हा बूट शिवणारा पाळक आला, 1793 मध्ये बंगालला पोचला, आणि 1805 मध्ये श्रीरामपूरहून (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं) त्याने मराठीचं व्याकरण छापलं. त्या सोमवारी गुडघे टेकणाऱ्यांना मराठी नावाची भाषा असते हे तरी माहीत असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन, निराधार मुली-बायकांचा आश्रम. पंडिता रमाबाईंनी जानेवारी 1905 मध्ये जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती. महिनाअखेरीस तिथे जे उसळलं त्यात मुली रडून रडून आपली पापं कबूल करत होत्या, इतक्या की रोजचे वर्ग आणि कामं बाजूला पडली. या काही पाळक नव्हत्या. बऱ्याचशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरी होत्या. पाळकांच्या सभेत हे उदाहरण कोणी दिलं की पप्पा हळूच म्हणायचे, “आणि आपण अजून पंख्याखाली कोण बसणार यावर अडलोय.”

सगळ्याच सभा अशा असतात असं नाही. कुठे भलामोठा स्टेज, कानठळ्या बसवणारे स्पीकर, शाल-श्रीफळ आणि शेवटी ग्रुप फोटो. तिथे कबुली कोणी देत नाही. माइकवर कोण देणार? अशा ठिकाणी मी जात नाही.

तुमच्या शेजारची सभा यातल्या कुठल्या प्रकारची, हे मी इथून नाही सांगू शकत. पण दार बहुधा उघडंच असतं. मागच्या बाकावर जाऊन बसा, कोणी उठवणार नाही. विचारलंच तर शेजारी राहतो म्हणून सांगा. फक्त सुरुवातीच्या गाण्यांनंतर लगेच उठू नका, तास-दीड तास थांबा. नाहीतर सरळ एकच्या सुमाराला जा, तेव्हा चहा येतो.