‘लॅड लिट’ हे ‘चिक लिट’चेच पुरुषी रूप आहे का?
नाही, ‘लॅड लिट’ला (तरुण पुरुषांच्या आयुष्यावरच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांना) ‘चिक लिट’ची (तरुण स्त्रियांवरच्या तशाच कादंबऱ्यांची) पुरुषी नक्कल म्हणणे कालक्रमात बसत नाही, कारण १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये हे दोन्ही प्रकार जवळजवळ एकाच वेळी रुजले. ‘लॅड लिट’चा नमुना मानली जाणारी निक हॉर्नबी यांची ‘हाय फिडेलिटी’ १९९५ साली आली, तर ‘चिक लिट’मधली हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ १९९६ साली पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. साधर्म्य अर्थातच आहे: शहरी, अविवाहित, स्वतःवरच हसणारा निवेदक आणि फसलेल्या प्रेमसंबंधांची उजळणी. मात्र प्रौढ होण्याची टाळाटाळ हा ‘लॅड लिट’चा खरा गाभा असून, नायकाची फुशारकी ही बहुतेकदा लेखकाच्या उपरोधाचाच विषय असते, जे घाईने वाचणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते.