मुंबईत वसाहतीतली झाडं आणि मागच्या खाडीतली तिवरं (खारफुटी) वाचवायला रहिवाशांचा गट नेमकं काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वसाहतीत असा गट सुरू झालाय. रविवारी खाडीवरचा कचरा उचलतात, पावसाळ्यात रोपं लावतात, आणि यात सामील होऊन खरंच काही साधतं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी अशाच एका गटात बरीच वर्षं आहे. साधतं, पण रोपं आणि कचऱ्याच्या पिशव्यांपेक्षा कागदांनी जास्त साधतं.

ऑक्टोबर २०१९ मधलं आरे आठवा, तिथली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची होती. ४ तारखेला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडली होती. एवढ्या मोठ्या लढ्यात ही गत, तर आपल्या गल्लीतल्या एका पर्जन्यवृक्षासाठी कोण थांबणार? म्हणून झाड पाडायचं ठरतंय हे आधी कळणं हेच गटाचं पहिलं काम.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि खुद्द झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. गटातल्या एकाने वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना रोज चाळायच्या, एवढं काम वाटून घ्या. आमच्याकडे हे एक निवृत्त बाई करतात आणि आमच्या सगळ्या मोहिमांपेक्षा त्यांचा उपयोग मला जास्त वाटतो. हरकत भावनेवर लिहू नका. झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, ते न तोडता काम कसं होईल, एवढं लिहा आणि पोचपावती घ्या.

घेर मोजायचं आणखी एक कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं बदल्यात लावावी लागतात. वयाचा अंदाज घेरावरून करायचा, मग त्यावरून वाद होतोच. तेव्हा वसाहतीतल्या जुन्या रहिवाशांकडचे लग्नामुंजीचे फोटो, ज्यात मागे ते झाड दिसतं, फार कामाला येतात. जमिनीपासून साधारण १.३७ मीटर उंचीवर टेप लावून प्रत्येक झाडाचा घेर नोंदवा, फोटो काढा, वही ठेवा. दोन-तीन सुट्ट्यांत एक रस्ता सहज होतो.

शहरातली बरीच झाडं परवानगी न काढताच मरतात. बुंध्याला चिकटून सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवतात, केबलसाठी चर खणताना मुळं तोडतात, आणि एका वादळात झाड आडवं झालं की ‘जुनं होतं’ म्हणतात. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्येच असतात, त्यामुळे उथळ चरही जीवघेणा ठरतो. झाडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढावं, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात दिला होता. असं काँक्रीट काढायला महापालिकेकडे अर्ज कराल, त्यात तो जरूर उल्लेखा. झाडाला ठोकलेले खिळे आणि गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा यांची तक्रारही त्याच अर्जात घाला.

आता तिवरं. ती कुऱ्हाडीने मरतात त्याहून जास्त पाणी तोडल्याने मरतात. भरतीचं पाणी येण्याची जागा राडारोड्याने बुजवली, की आतली झाडं उभ्याउभ्या वाळतात आणि काही काळाने तिथे ‘मोकळा भूखंड’ तयार होतो. म्हणून डंपर येतोय का याच्याइतकंच, भरतीच्या वेळी पाणी आत पोचतंय का हेही बघा. ठरावीक जागेवरून, उधाणाच्या भरतीला, तारखेसह फोटो काढत राहा. अशा फोटोंची मालिका दाखवली की भराव हळूहळू पुढे सरकलाय हे कुणाला नाकारता येत नाही. रात्री डंपर अडवायला मात्र एकटंदुकटं जाऊ नका. शक्य झालं तर लांबून गाडीचा नंबर घ्या आणि पोलिसांना कळवा.

कायदा इथे तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड आणि पन्नास मीटरच्या आतलं बांधकाम रोखलं. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तिवरांचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असं स्पष्ट म्हटलं. अडचण वेगळीच असते: तक्रार घेऊन गेलात की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. यावर उपाय एकच, आधी सिटी सर्वे नंबर काढा आणि जमीन कुणाची ते पाहा. वन विभागाकडे सोपवलेली असेल तर त्यांचा कांदळवन कक्ष (तिवरं सांभाळणारी शाखा), नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालय. प्रत दोन्हीकडे द्याच.

कचरा उचलणं फुकट जातं असं मी म्हणत नाही. वर्सोव्यात २०१५ पासून लोकांनी चिकाटीने किनारा साफ केला आणि २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांवर प्लास्टिक साचलं तर ती गुदमरतात, त्यामुळे तिथली सफाई मोलाचीच. फक्त नाल्यावाटे येणारा कचरा तसाच राहिला तर पुढच्या भरतीला सगळं परत, हे धरून चाला. आणि चिखलात उतरताना मुळांवर पाय देऊ नका, उत्साही मंडळी हमखास देतात.

रोपं लावण्याबाबत मी जरा कडू आहे. पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसेल तर लावू नका. उघड्या चिखलपट्टीवर तिवरं लावायची तर बिलकुल नको, स्थलांतरित पक्षी तिथेच चरतात.

संस्था नोंदणीची घाई नको. सुरुवातीला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज चालतात. सामील होण्याआधी त्या गटाला एवढंच विचारा: झाडांची वही आहे का, आणि खाडीचा सर्वे नंबर कुणाला माहीत आहे का? दोन्हीला ‘नाही’ आलं, तर तुमचं काम तिथूनच सुरू.