हजार अंश तापमानात अंतराळस्थानक वितळत का नाही?

प्रश्न असा आहे की, 400 किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते, तर तिथेच फिरणारे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक वितळत कसे नाही. आकडा बरोबर आहे; सूर्य शांत असताना तो बराच खाली येतो, सक्रिय असताना हजाराच्या वर जातो. गोंधळ होतो तो तापमान आणि उष्णता हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो म्हणून.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी अनेक वर्षे ग्राइंडरवर काम केले आहे. चाकावरून उडणारी लोखंडाची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, तरी मनगटावर पडली तर क्षणभर चटका देऊन विझते (डोळ्यांना चष्मा मात्र हवाच). उलट बंबातले सत्तर अंशांचे पाणी तांब्याभर जरी पायावर सांडले तरी कातडी भाजून निघते. तापमान हे कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. एकूण किती ऊर्जा हाती लागेल, हे कण किती आहेत यावरही ठरते.

त्या उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू आणि नायट्रोजनचे रेणू सूर्याचे तीव्र अतिनील किरण शोषून अतिशय वेगवान होतात, पण ते इतके विरळ असतात की समुद्रसपाटीच्या मानाने हवेची घनता अब्जावधी पटींनी कमी भरते. तिथल्या एका घनमीटर वायूत ज्यूलचे जेमतेम काही दशलक्षांश इतकी औष्णिक ऊर्जा असते, तर चमचाभर चहा एका अंशाने निवताना सुमारे वीस ज्यूल देऊन जातो. म्हणजे त्या चमच्याची बरोबरी करायला कोटीभर घनमीटर 'तप्त' हवा लागेल. पृथ्वीच्या सावलीत तिथे साधा तापमापक धरला, तर त्याला वायूकडून मिळणारी उष्णता नगण्य असते आणि प्रारणाने तो ती सतत गमावत असतो, त्यामुळे त्याचा पारा शून्याच्या पुष्कळ खाली जाईल.

स्थानकाला खरोखर तापवतो तो सूर्यप्रकाश, दर चौरस मीटरला सुमारे 1,361 वॅट, आणि आतली यंत्रे. ती उष्णता बाहेर वाहून न्यायला हवा नसल्यामुळे नळ्यांतून अमोनिया खेळवून ती मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत नेतात आणि तिथून ती अवरक्त प्रारणाच्या रूपाने अवकाशात सोडली जाते.