‘चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेली बरी ना?’

हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. त्या दिवशी विचारणारे वडील होते, शेजारी आई आणि बाहेर बाकावर सतरा वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्षभरापूर्वी बिअरचा पहिला ग्लास वडिलांनीच त्याच्या हातात दिला होता. गेल्या महिन्यात मित्राच्या घरी तो पिऊन बेशुद्ध पडला. मित्रांनी ‘झोपला की उतरेल’ म्हणून त्याला उताणं निजवून ठेवलं. नशीब, एकाच्या बहिणीने पाहिलं. अशा वेळी कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये आणि तडक दवाखाना गाठावा. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

वडिलांचा मुद्दा तयार होता. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत मिळते, अमेरिकेत एकविसाव्या. मग वयाला अर्थ काय?

प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो टाळला नाही. अमेरिकेत १९७१ साली मतदानाचं वय १८ झालं, तेव्हा बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. तरुण चालकांचे जीवघेणे अपघात वाढले. मुलं गमावलेल्या आया रस्त्यावर उतरल्या. १९८४ च्या कायद्याने २१ वय न मानणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापायचं ठरलं आणि १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली. न्यूझीलंडने १९९९ मध्ये वय २० वरून १८ केलं, लिथुआनियाने २०१८ मध्ये १८ चं २० केलं. आकडा बदलतो, हे वडिलांचं म्हणणं खरंच आहे. पण मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, ती सगळ्या देशांत सारखीच.

मग मुलाशी एकट्याशी बोललो. पाण्याच्या बाटलीवरचा कागद तो नखाने बारीक बारीक सोलत होता.

“आधी मी मित्रांना सांगायचो, घरी चालत नाही. बाबांनी दिल्यावर ते सांगायची सोयच गेली.”

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. ऑस्ट्रेलियात १,९०० हून अधिक मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा झाला. आईवडिलांनी दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात, असं त्यात दिसलं नाही. उलट अशा मुलांना बाहेरूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली.

मुलाच्या परवानगीने त्याचं वाक्य मी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. “मला वाटलं, मी त्याचा मित्र होतोय,” एवढंच म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

दोन गोष्टी ठरल्या. कायद्याचं वय होईपर्यंत घरात त्याला दारू नाही, हे वडिलांनी स्वतःच्या तोंडून सांगायचं. आणि कुठेही, कितीही वाजता अडकला तर फोन करायचा, ते न्यायला येतील, त्या रात्री ओरडा नाही. दुसरी गोष्ट त्यांना जड गेली. ‘म्हणजे मोकळीकच दिली की!’ फोन करायला घाबरलेला मुलगा पिलेल्या मित्राच्या गाडीवर बसतो, हे सांगितल्यावर पटलं.

पुढच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन आला. वडील गेले. मुलगा प्यायलेला नव्हता, सोडणारा मित्र प्यायलेला होता. वाटेत कोणी बोललं नाही, असं आईने सांगितलं. घरी आल्यावर वडिलांनी फक्त विचारलं, “जेवलास का?”