रॉक आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा मेळ घालणाऱ्या ‘न्यू ऑर्डर’ या ब्रिटिश बँडची वाटचाल कशी झाली?

जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याने मे १९८०मध्ये आयुष्य संपवले, तेव्हा मँचेस्टरच्या उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडून न्यू ऑर्डर उभा केला आणि काही महिन्यांतच कीबोर्डवादक जिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. खरे वळण १९८३च्या ‘ब्लू मंडे’ने दिले. सुमारे साडेसात मिनिटांच्या या गाण्यात आधी ड्रम मशीनचा ठोका एकटाच धडधडतो आणि पुढे त्या यांत्रिक तालावर पीटर हूकची बास गिटार वरच्या पट्टीत जणू गाऊ लागते. या बँडचे सारे वैशिष्ट्य मला त्या जागेत सापडते. काही अंशी इबिझा बेटावर ध्वनिमुद्रित झालेला ‘टेक्निक’ हा अल्बम १९८९मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हूक २००७मध्ये बाहेर पडला, तरी २०१५च्या ‘म्युझिक कम्प्लीट’मध्ये बँड पुन्हा नृत्यसंगीताकडेच वळला.