वाचक विचारतात: 7805 दुपारीच का बंद पडतो?

प्रश्न: दादा, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. कूलरच्या पंपासाठी टायमर बनवला, 12 वोल्टचा अ‍ॅडॉप्टर, त्यापुढे 7805 (12 चे 5 वोल्ट करणारा आयसी), आणि त्यावर वायफाय बोर्ड, रिले, डिस्प्ले, सगळं मिळून 300 मिलिअँपिअर खातं. फेब्रुवारीत मस्त चालला, आता मे लागला तर दुपारी दोनला बंद आणि रात्री आपोआप चालू. आयसी बदलला तरी तेच. 7805 तर 1 अँपिअरचा असतो ना, मग काहून असं होऊन राहिलं?

उत्तर: भाऊ, तो 1 अँपिअर हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) धरून आहे, नुसत्या आयसीचा नाही. तुझ्या आयसीवर 12 वजा 5 म्हणजे 7 वोल्ट पडतात, गुणिले 0.3, झाले 2.1 वॅट, आणि हे सगळं निव्वळ उष्णता म्हणून जातं. आता डेटाशीट काढ, हीटसिंक नसलेल्या टीओ-220 ला (7805 चा हाच आकार) जंक्शनपासून, म्हणजे आतल्या चिपपासून, हवेपर्यंत साधारण 65 डिग्री प्रति वॅट दिलेले असतात, म्हणजे 2.1 गुणिले 65, जवळपास 136 डिग्रीची वाढ, आणि बाहेर 45 असताना कूलरमागच्या बंद डब्यात 55 सहज असतात, बेरीज गेली 190 वर! लिमिट आहे 125. म्हणून आतलं थर्मल शटडाउन (जास्त तापल्यावर स्वतः बंद होणं) लागतं, गार झाला की परत चालू. आणि फेब्रुवारीत चालला म्हणून तेव्हा सगळं ठीक होतं असं समजू नको, शटडाउन 125 च्या बरंच वर लागतं, तेव्हाही तो लिमिटच्या वरच होता, फक्त बोंबलला नाही.

हीटसिंक केवढा? जंक्शन 110 वर ठेवू. 110 वजा 55 भागिले 2.1, म्हणजे एकूण 26 डिग्री प्रति वॅट. त्यातले जंक्शन ते टॅब (आयसीची धातूची पाठ) 5, पेस्टचा 1 धर, उरले 20. दुकानात 15 वाला माग, मग नवतप्यातही जंक्शन 100 च्या आसपास राहील, डब्याला भोकं मात्र पाड. मधे वीज अडवणारा अभ्रक नको, 7805 चा टॅब ग्राउंडच असतो (एलएम317 या दुसऱ्या रेग्युलेटरला हे करू नको, त्याचा टॅब आउटपुट आहे).

बोट लावून अंदाज घेऊ नको, 70 असो की 110, बोट तेवढ्याच घाईने मागे येतं. थर्मोकपलवाला (तापमान मोजणारा) मीटर टॅबला लाव आणि रीडिंगमध्ये 10 मिळव, 2.1 वॅटला तेवढाच फरक पडतो.

9 वोल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून भागेल का, तर नाही, बिनाहीटसिंकचा हिशोब तरी 133 येतो. आणि अ‍ॅडॉप्टर जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर आधी मीटरने मोज, 12 लिहिलेलं असतं आणि निघतात 15-16, मग वरचे सगळे आकडे वाढतात.

माझं विचारशील तर 7805 काढून एलएम2596 चं बक मॉड्यूल (कमी उष्णतेत वोल्ट उतरवणारा तयार बोर्ड) टाक, सीताबर्डीत मिळून जाईल, तेवढ्याच लोडला अर्धा वॅटही जळत नाही. फक्त जोडायच्या आधी स्क्रू फिरवून आउटपुट मीटरवर 5 ला आण, नाहीतर वायफाय बोर्डाचा धूर निघेल.